अकरा राज्ये आणि एक पेटी

बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला सांगायला नको. ट्रंका बांधायच्या, वळकट्या आवळायच्या, देव फडक्यात गुंडाळून कुणाच्या तरी मांडीवर द्यायचे, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे आणि रेशनकार्डावरची नावे या गावातून त्या गावात न्यायची. यात हाल पुष्कळ होतात. पण नाशिकहून नागपूरला निघालो म्हणून आपल्याच घरातली एखादी वस्तू मनमाडपर्यंत चालेल, अकोल्यापर्यंत सोसून घेतील आणि बडनेऱ्याला तिच्यापायी हातात बेड्या पडतील, असे काही घडत नाही. विळी नाशिकला विळी असते, ती नागपुरातही विळीच राहते.

अमेरिकेत एका वस्तूच्या बाबतीत मात्र हे घडते. ती वस्तू म्हणजे कपड्याआड दडवून बाळगायचे पिस्तूल. तिच्या सोबतीने मी चार दिवस प्रवास केला, म्हणून ही हकीगत सांगण्याचा थोडासा अधिकार मला आहे.

२०२३ च्या जूनमधली ही गोष्ट. माझ्या भाच्याला टेक्सासमधल्या ह्यूस्टनहून न्यू जर्सीतल्या एडिसन गावी नवी नोकरी लागली होती. सामान मोठ्या ट्रकमधून पुढे गेले. भाचा, भाचेसून, त्यांची दहा वर्षांची मुलगी आणि पाहुणा म्हणून आलेला मी, असे चौघे मोटारीने निघणार होतो. "मामा, विमानातून ढग दिसतात, अमेरिका दिसत नाही," असे म्हणून भाच्याने मला तयार केले. रस्ता सुमारे सोळाशे मैलांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच हजारांवर किलोमीटर. वाटेत राज्ये अकरा. निघण्याच्या आदल्या रात्री भाचा जेवणाच्या टेबलापाशी नकाशा पसरून बसला होता. प्रत्येक राज्यापुढे तो लहान अक्षरात काहीतरी लिहीत होता. मला वाटले, पेट्रोलचे भाव असतील. जवळ जाऊन पाहिले तर कुठे लिहिले होते 'चालतो', कुठे 'परवाना नको', आणि शेवटी शेवटी लाल शाईत 'पेटीत'.

तेव्हा मला कळले, की माझा भाचा गेली पाच वर्षे कमरेला पिस्तूल लावून हिंडत होता. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, ते आजतागायत ठाऊक नव्हते.

त्याची बाजूही ऐकण्यासारखी होती. एका रात्री उशिरा कामावरून परतताना दुकानाच्या अंधाऱ्या वाहनतळावर दोघांनी त्याला गाठले, कानशिलाला पिस्तूल लावले आणि पाकीट व घड्याळ घेऊन गेले. जिवावरचे पाकिटावर निभावले. पण त्यानंतर महिनाभर त्याला झोप नव्हती. तो अमेरिकेचा नागरिक झालेला होता. शेजारच्या गोऱ्या गृहस्थाने वाट दाखवली. एका दिवसाचा वर्ग, मग पन्नास गोळ्या नेमाने निशाणावर मारण्याची परीक्षा, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची चौकशी. आणि फोटो असलेला छोटासा परवाना हाती आला. पुढे १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासने बहुतेक सज्ञान माणसांना असा परवाना नसला तरी चालेल असे ठरवले. भाच्याने तरीही आपला परवाना जपून ठेवला. कारण टेक्सासात त्याची गरज उरली नसली, तरी सरहद्दीपलीकडे तोच उपयोगी पडायचा.

ह्यूस्टनमधल्या दुकानांच्या दारांवर तोवर मी ज्या पाट्या निव्वळ सजावट समजून पाहत होतो, त्यांचा अर्थ मला आता लागू लागला. एका ठरावीक कलमाचा, ३०.०६ चा, आकडा घालून इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये लिहिलेला लांबलचक मजकूर, एकेक अक्षर निदान इंचभर उंच. त्याचा मथितार्थ असा, की परवाना असला तरी दडवलेले पिस्तूल घेऊन आत पाऊल टाकू नये. मद्यालयांच्या दारावर तर तांबड्या रंगात नुसता ५१ चा आकडा असतो. ज्या जागेचे निम्म्याहून अधिक उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूचे, तिथे पिस्तूल बंद! आपल्याकडे देवळाच्या दारात चपला काढण्याची पाटी असते, तितक्या सहजतेने तिथली माणसे या पाट्या वाचतात आणि आपापल्या गाडीकडे परततात.

आता इथे थोडा कायदा सांगितल्यावाचून पुढची गंमत कळणार नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून आहे. तो व्यक्तीचा हक्क आहे असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले, आणि तो घराबाहेरही लागू आहे असे २०२२ साली. त्या दुसऱ्या निकालाने न्यूयॉर्कचा १९१३ पासूनचा कडक नियम मोडीत निघाला. पण हक्क देशाचा असला तरी कागद राज्याचा. परवाना द्यायचा की नाही, कुणाला द्यायचा, मुळात मागायचा तरी का, हे जे ते राज्य ठरवते. व्हरमाँटने असा परवाना कधी मागितलाच नाही. फ्लोरिडाने १९८७ साली अटी पुऱ्या करील त्याला तो देण्याचा कायदा केला आणि पुष्कळ राज्ये त्या वाटेने गेली. २०२४ पर्यंत २९ राज्यांनी तर परवान्याची अटच काढून टाकली. उलट मेरिलंड आणि न्यू जर्सी यांच्या लेखी दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना म्हणजे रद्दीचा कागद.

मोटार चालवण्याचा परवाना घेऊन माणूस पन्नासही राज्यांत फिरतो. एका राज्यात लागलेले लग्न दुसऱ्या राज्यात मोडत नाही. मग पिस्तुलाच्या परवान्यालाच ही सोवळेओवळे का? असा प्रश्न तिथे पुष्कळ लोक विचारतात. सर्व राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत, असे विधेयक २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या कनिष्ठ सभागृहाने मंजूरही केले होते. वरिष्ठ सभागृहात ते अडून राहिले. दुसरा पक्ष म्हणतो, की आमच्या दाट वस्तीत कोण काय बाळगतो हे आम्ही ठरवू, टेक्सासने नव्हे. दोन्ही बाजूंनी माणसे मनापासून बोलतात, आणि दोन्ही बाजूंनी बोलताना आवाज चढतो.

* * *

पहाटे ह्यूस्टन सोडले. लुईझियाना लागले तसा प्रदेश पाणथळ होत गेला. अचाफलाया नावाच्या प्रचंड दलदलीवरून अठरा मैलांचा पूल जातो. दोन्ही अंगांना पाण्यात उभी असलेली सुरूसारखी झाडे आणि त्यांच्यावरून लोंबणाऱ्या करड्या जटा. एखाद्या ऋषीच्या आश्रमातून मोटार चालली आहे असे वाटावे! लुईझियानापुढे भाच्याने लिहिले होते 'चालतो', म्हणजे टेक्सासचा परवाना तिथे मानतात. मिसिसिपीत परवाना नकोच. त्या राज्यात दुतर्फा पाइनची झाडे, आणि मैलोन् मैल दुसरे काही नाही.

दुपारी एका पेट्रोल पंपावर भाचा पिस्तूल उतरवून ठेवू लागला. मी म्हटले, "दे इकडे, धरतो." तो दचकलाच. "मामा, हात लावू नका! तुम्ही पाहुण्याच्या व्हिसावर आहात. तुमच्या हातात हे दिसलं तर तो राष्ट्राच्या कायद्यानं गुन्हा आहे." शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या आपल्या हजारो मुलांनाही हाच नियम लागू आहे. मी हात मागे घेतला. आमच्या आजोळी रानडुकरांसाठी बारा बोअरची बंदूक होती. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडायची आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. तिला हात लावताना आजोबांचाच धाक असे. आपल्या शस्त्रपरवान्यावर तो जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की साऱ्या देशात चालेल हे लिहिलेले असते. कागदावरून नजर फिरवली की झाले. इथे भाच्याला नकाशा घेऊन बसावे लागत होते.

अलाबामात बर्मिंगहॅम शहराच्या टेकडीवर व्हल्कन या रोमन लोहारदेवाचा ५६ फुटी ओतीव लोखंडी पुतळा आहे. १९०४ च्या सेंट लुईच्या प्रदर्शनासाठी तो घडवला होता. शस्त्रे घडवणारा देव, तेव्हा आमच्या प्रवासाला त्याचे दर्शन योग्यच होते. १ जानेवारी २०२३ पासून अलाबामातही परवान्याची गरज उरली नव्हती. तरीसुद्धा गावातून जाताना शाळेची पिवळी पाटी दिसली की भाचा सावरून बसायचा. कारण विचारले तेव्हा समजले, की राष्ट्राचा आणखी एक कायदा आहे: शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेले पिस्तूल नेता येत नाही. ज्याच्याजवळ परवाना असेल त्याला सूट आहे. पण तो परवाना ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने दिलेला हवा. म्हणजे अलाबामा म्हणते, परवाना नको. राष्ट्र म्हणते, अलाबामाचा परवाना कुठे आहे? आणि भाच्याच्या खिशात टेक्सासचा!

जॉर्जियाचा एक कोपरा ओलांडून टेनेसीत शिरलो आणि दुसऱ्या दिवशी ब्रिस्टल गावी पोहोचलो. हे गाव प्रत्येकाने पाहावे असे आहे. त्याच्या मुख्य रस्त्याचे नावच 'राज्यरस्ता'. त्याच्या मधोमध पितळी खुणा बसवल्या आहेत. खुणांच्या एका अंगाला टेनेसी, दुसऱ्या अंगाला व्हर्जिनिया. या फुटपाथवरचा न्हावी एका राज्याला कर देतो, समोरच्या फुटपाथवरचा पुस्तकविक्या दुसऱ्याला. रस्त्यावर कमानीसारखी दिव्यांची जुनी पाटी आहे, १९१० साली उभारलेली; हे राहायला छान गाव आहे, असे ती सांगते. आमची चिमुरडी पितळी खुणेवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, मी दोन राज्यांत!" तिचा बाप मात्र फुटपाथवरच थबकून कागद चाचपत होता. टेनेसीत परवाना नको. व्हर्जिनियात दडवून बाळगायचे तर हवा. तिथल्या महाधिवक्त्याने २०१५ च्या डिसेंबरात पंचवीस राज्यांचे परवाने यापुढे मानणार नाही असे जाहीर केले होते. पुढच्याच महिन्यात राज्यपाल आणि विधिमंडळ यांच्यात तडजोड झाली, आणि १ जुलै २०१६ पासून ते पुन्हा मानण्यात येऊ लागले. रस्ता तोच, पाऊल तेच. एका पत्रकाने त्याचा अर्थ बदलायचा आणि दुसऱ्याने तो पूर्ववत व्हायचा.

* * *

शेननडोआच्या खोऱ्यात निळसर डोंगरांच्या पायथ्याशी एका मोटेलात मुक्काम केला. मूल झोपल्यावर भाचेसून बोलू लागली. एरवी ती मितभाषी.

"मामा, मी यांना ह्यूस्टनलाच म्हटलं होतं, विकून टाका. तिकडे सगळ्यांजवळ असतं, तिकडे ठीक होतं. आता एक वळण चुकलं, एक पोलीस भेटला, की संसार उघड्यावर!"

ती उगीच घाबरली नव्हती. २०१३ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या एका बाईला न्यू जर्सीत वाहतूक पोलिसाने थांबवले. दोन मुलांची आई. चोरट्यांनी लुबाडले म्हणून नुकतेच पिस्तूल घेतलेले, पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना पर्समध्ये. तिने आपण होऊन पोलिसाला सांगितले, की माझ्याजवळ पिस्तूल आहे आणि हा परवाना. तिला वाटले, आपण प्रामाणिकपणा केला. पण डेलावेअर नदी ओलांडली त्या क्षणी तो परवाना निर्जीव झाला होता. तिला अटक झाली, आणि किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाचे कलम तिच्यावर आले. पुढे देशभर चर्चा झाली. २०१४ साली सरकारी वकिलांना अशा प्रकरणांबद्दल नव्या सूचना मिळाल्या, खटल्याऐवजी तिला सुधारणेची सवलत मिळाली आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. सुटली, पण मधल्या दीड वर्षात तिच्या मुलांनी काय सोसले असेल, ते कोणत्या माफीपत्रात लिहिणार?

"ती बाई बाहेरून आली होती," भाचा हळूच म्हणाला. "आपण तर तिथं राहायलाच चाललोय. आपल्याला आणखी जपलं पाहिजे."

त्याचे म्हणणे बरोबर होते. पाहुण्याला निदान आपल्या राज्याचा परवाना आपला म्हणता येतो. घर बदललेल्या माणसाचा परवाना एका राज्याचा आणि तो स्वतः दुसऱ्याचा. मिशिगन, कोलोरॅडो यांसारखी राज्ये परक्या राज्याचा परवाना मानतात, पण धारक त्याच राज्याचा रहिवासी असेल तरच. भाच्याने एडिसनला घर घेतले की टेक्सासचा तो कागद तिथेही लंगडा पडायचा.

दुसऱ्या दिवशी थोडी वाट वाकडी करून हार्पर्स फेरी पाहिले. पोटोमॅक आणि शेननडोआ या दोन नद्यांचा इथे संगम आहे. टेकडीच्या कडेला बिलगलेले दगडी गाव, खाली रुळांचे पूल. इथे पूर्वी सरकारचा बंदुकांचा कारखाना होता. १८५९ च्या ऑक्टोबरात जॉन ब्राउन याने गुलामांना सोडवण्यासाठी मूठभर साथीदारांनिशी त्यावर छापा घातला. पकडला गेला, आणि २ डिसेंबरला फासावर चढला. तेव्हा हे गाव व्हर्जिनियात होते. १८६३ साली वेस्ट व्हर्जिनिया वेगळे झाले तेव्हा ते तिकडे गेले. गावाने जागा न सोडताच राज्य बदलले!

गावात शिरण्याआधी वाहनतळावर भाच्याने काम उरकून घेतले. पिस्तुलातल्या गोळ्या काढल्या, त्या वेगळ्या डब्यात घातल्या. पिस्तूल पोलादी पेटीत, पेटीला कुलूप, पेटी डिकीत. १९८६ चा एक राष्ट्रीय कायदा आहे: दोन्ही टोकांना शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या कुठल्याही राज्यातून ते असे रिकामे आणि हाताच्या टप्प्याबाहेर ठेवून नेता येते. मोटारीच्या पुढच्या खणात मात्र नाही. मोठ्या मॅगझीनी त्याने ह्यूस्टनलाच एका जाणकाराकडे सोपवल्या होत्या. न्यू जर्सीत दहापेक्षा अधिक गोळ्यांची मॅगझीन बाळगणे हाच गुन्हा आहे.

मग आम्ही रुळांच्या बाजूच्या पादचारी पुलावरून पोटोमॅकवर गेलो. समोरचा डोंगर मेरिलंडचा. नदीचे पाणीही मेरिलंडचे. भाचा कठड्याला रेलून उभा राहिला. उजवा हात सवयीने कमरेशी गेला, तिथे काही नव्हते. "मामा, पाच वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटतंय," तो म्हणाला, "आणि पहिल्यांदाच भीती पण वाटतेय." मी काहीच बोललो नाही.

पुढे हमरस्त्याने मेरिलंड अवघे बारा मैल. हेगर्सटाऊनच्या बाजूने पंधरा मिनिटांत ते संपते आणि पेनसिल्व्हेनिया लागते. पण त्या बारा मैलांत भाच्याने मोटारीचा वेग एकदाही हद्दीबाहेर जाऊ दिला नाही, आणि भाचेसून मांडीवरच्या देवाच्या डब्यावर हात ठेवून गप्प बसली होती. संध्याकाळी ईस्टनपाशी डेलावेअर नदी ओलांडली. पात्र रुंद नाही, पाणी संथ. पुलावर 'न्यू जर्सीत स्वागत' अशी पाटी होती.

* * *

एडिसन हे नाव गावाने १९५४ साली घेतले; विजेच्या दिव्याचा जनक थॉमस एडिसन याची प्रयोगशाळा इथल्याच मेन्लो पार्क भागात होती. आज तिथे ओक ट्री रोडवर चालताना आपण दादरला आहोत की अमेरिकेत, असा प्रश्न पडतो. साड्यांची दुकाने, चकल्यांची पाकिटे, सोनाराच्या पेढ्या. आठवड्याभरात बिऱ्हाड लागले, आणि मुलीला शाळा मिळाली.

न्यू जर्सीत मोटारीचा जुना परवाना देऊन नवा घ्यायला साठ दिवसांची मुदत असते. परराज्यातून आणलेल्या पिस्तुलाची नोंद करून शस्त्रधारकाचे ओळखपत्र घ्यायलाही २०२२ च्या कायद्याप्रमाणे साठच दिवस. मोटारीचे काम एका सकाळी झाले. पिस्तुलाच्या नोंदणीसाठी ठसे, चौकशी, हेलपाटे. पण तेही मुदतीत पार पडले. पिस्तूल आता घरातल्या तिजोरीत ठेवायला मोकळीक होती.

ते कमरेला लावून बाहेर पडायचे तर मात्र निराळा परवाना, अगदी पहिल्यापासून. टेक्सासातली पाच वर्षे तिथे जमेस धरत नाहीत. २०२२ च्या डिसेंबरातल्या कायद्याने दोनशे डॉलर शुल्क, नवे प्रशिक्षण, आणि चार प्रतिष्ठित माणसांची नावे हवीत: नात्यातली नकोत, आणि अर्जदाराला किमान तीन वर्षे ओळखणारी हवीत. एडिसनला येऊन भाच्याला पुरता महिना झाला नव्हता. तेव्हा ती चार माणसे ह्यूस्टनचीच असणार.

खरी अडचण इथे आली. ज्या वस्तूचे सारे प्रयोजनच ती कुणाला कळू न देण्यात, ती दडवून बाळगण्यासाठी आता चार जणांना सांगायचे होते. भाच्याने एका रविवारी फोन लावले. पहिला मित्र हसला आणि म्हणाला, "दे माझं नाव." दुसरा अमेरिकन सहकारी, त्याला त्यात काहीच विशेष वाटले नाही. तिसरा फोन जिवलग कुटुंबाला. दर वर्षी त्यांच्या घरच्या गणपतीला ही मंडळी जात. फोन त्या घरच्या वहिनींनी घेतला. भाच्याने सगळे सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या एवढेच म्हणाल्या, "आरतीला उभे राहायचात तेव्हाही होतं का, भावोजी?"

भाच्याने खरे ते सांगितले. "हो," म्हणाला. "पोरं अंगावर खेळायची, म्हणून बसताना काळजी घ्यायचो." वहिनी रागावल्या नाहीत. यांच्याशी बोलून कळवते म्हणाल्या.

चौथा फोन त्या दिवशी झाला नाही.

मी ऑगस्टच्या अखेरीस परत निघालो. तोवर संगणकावरच्या त्या अर्जात चारांपैकी दोनच नावे भरलेली होती. भाचा रात्री उशिरा कामावरून येई, तेव्हा भाचेसून ओटीवरचा दिवा लावून ठेवी आणि मोटारीचा आवाज आला की दार उघडून उभी राही. समोरच्या घरातला म्हातारा अमेरिकन गृहस्थ एकदा मला म्हणाला, की तुमच्या सुनेचा तो दिवा पाहून आता मीही माझा दिवा उशिरापर्यंत ठेवतो. हे मी भाच्याला सांगितले. त्यावर तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फराळाच्या डब्यातल्या चार करंज्या घेऊन तो समोरच्या घरी गेला, आणि चांगला तासभर तिथे बसून आला.